दातेरी चाकू आणि आईचं डांगर: पुणे ते भोपाळ, गाडीने

"यंदा मला भाजी चिरायला बसू देत नाहीयेत," आई फोनवर म्हणाली. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, थेट तक्रार. मी पुण्यात गॅसवर चहा ठेवून उभी होते, तो उतू गेला.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझे वडील भोपाळच्या मोठ्या कारखान्यात नोकरीला होते. आम्ही भावंडं त्याच कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढलो. वडील रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, पुढे वडीलही गेले. आता आई दादाकडे अयोध्या नगरला असते. पण टाउनशिपमधल्या मराठी मंडळाचा गणपती तिने सोडलेला नाही. या मंडळात महाप्रसादाची भाजी बाहेरून येत नाही. सकाळी सगळ्या बायका आपापल्या सुऱ्या-विळ्या घेऊन हॉलमध्ये सतरंजीवर बसतात आणि दीडशे-दोनशे माणसांची भाजी चिरतात. आईकडे डांगर असतं, म्हणजे लाल भोपळा. ते खातं दुसऱ्या कुणाला मिळालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घातलीय. डॉक्टरांनी सांगितलं, जोर लावायचा नाही. दादाने त्याचा अर्थ असा काढला की हातात सुरी धरायचीच नाही. शुभा वहिनी, म्हणजे दादाची बायको, यंदा मंडळाची चिटणीस. तिने कॅटररशी बोलून ठेवलं होतं. यंदा भाजी बायकांच्या हातून झाली नाही, तर पुढे कायमच कॅटरर, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं.

"मनगट माझं आणि मीटिंग यांची," आई म्हणाली.

मी म्हटलं, येते. आणि बॅग भरताना सगळ्यात आधी चाकू टाकला.

या चाकूवरून या ब्लॉगवर आधीच पुष्कळ भांडणं झालीत. मोठा आहे, मिटवला तरी वीतभर आहे. पात्याला करवतीसारखे दाते आहेत. उघडला की आतली पट्टी खट् करून बसते आणि मग तो मिटत नाही. मागे एकदा फोटो टाकला तर एका गृहस्थाने विचारलं, "ताई, प्रवासाला निघालात की दरोड्याला?" दुसऱ्याने सल्ला दिला की बायकांनी सफरचंद कापायचं छोटं, नाजूक काहीतरी बाळगावं. नाजूक सुरीने नारळाची दोरी कापून दाखवा, मग बोलू. मी गेली कित्येक वर्षं हा घेऊन फिरते. पावाची लादी, कलिंगड, अननस, सीट बेल्टमध्ये अडकलेली ओढणी, सगळं यानेच कापलंय. दाते असल्यामुळे दाबावं लागत नाही, फक्त मागेपुढे ओढायचं. आईच्या मनगटाला नेमकं हेच हवं होतं.

"घरातली ब्रेडची सुरी का नाही चालत?" सुधीरने विचारलं. सुधीर माझा नवरा. तो चाकूच्या बाबतीत अजून तटस्थ नाही.

मी म्हटलं, ब्रेडच्या सुरीची मूठ बारीक असते आणि पातं लवतं. याची मूठ जाड आहे, कमजोर हातातसुद्धा भरून राहते. शिवाय मिटवला की पिशवीत कुणाचं बोट कापत नाही. यावर तो गाडीत हवा भरायला गेला.

ट्रेनऐवजी गाडी का, तर हाच चाकू. विमानात तो केबिनमध्ये नेता येत नाही. मेट्रोच्या दारात मला एकदा परत पाठवलंय आणि स्टेशनवरच्या मशीनसमोर मला भाषण करायचं नव्हतं. कुणाला असाच घ्यायचा असेल तर आधी आपल्या राज्याचे नियम वाचा, पात्याची लांबी मोजा आणि बटण दाबल्यावर उडी मारून उघडणारा तर अजिबात घेऊ नका. माझा अंगठ्याने ढकलून उघडावा लागतो.

पहिला दिवस पुणे ते धुळे. नगर ते मनमाड रस्त्याबद्दल जे ऐकलं असेल ते खरं आहे. श्रावणानंतर तर तिथे रस्ता कुठे आणि खड्डा कुठे, हे समोरच्या ट्रकच्या वळणावरून ओळखायचं. कोपरगावच्या पुढे एका झाडाखाली थांबून पेरू आणि घरचे पराठे खाल्ले. पेरूच्या बिया चाकूच्या सांध्यात जाऊन बसल्या आणि पाण्याने धुवूनही निघेनात. शेवटी सेफ्टी पिनेने टोकरत बसले. हा दोष मी मान्य करते. घडीच्या चाकूत कापलेलं सगळं थोडं थोडं साठत जातं. रात्री धुळ्यात बायपासजवळ बऱ्यापैकी स्वच्छ हॉटेल दोन हजारांच्या आत मिळालं. शेवभाजी मागवली तर डोळ्यांतून पाणी काढणारी आली. सुधीरने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चाकूचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी शिरपूरच्या पुढे महाराष्ट्र संपतो आणि बिजासनचा घाट लागतो. ट्रकवाले उतारावर काय वाटेल ते करतात, तेव्हा घाईत असाल तरी मागेच राहा. सणाचे दिवस होते, सीमेजवळ पोलीस गाड्या तपासत होते. माझ्या दाराच्या खणात चाकू होता. हवालदाराने तो उचलला आणि उन्हात धरला.

"मैडम, ये क्या है?"

"चाकू है।"

"वो तो दिख रहा है। इतना बड़ा किसलिए?"

"कद्दू काटने के लिए। भोपाल में, माँ के लिए।"

त्याने सुधीरकडे पाहिलं. सुधीरच्या कपाळावर घाम. अशा वेळी हा माणूस हमखास गुन्हेगार दिसतो.

"साहब, कद्दू?" हवालदाराने त्यालाच विचारलं.

"कद्दू," सुधीर म्हणाला, आणि पुढे कुणी न विचारता म्हणाला, "गणपति का।"

हवालदाराने चाकू उघडायचा प्रयत्न केला, त्याला जमला नाही. मी उघडून दाखवला, मिटवून दाखवला. "हमारे घर में तो हँसिया से काटते हैं," तो म्हणाला. "औरतें पूरा कद्दू नहीं काटतीं वैसे। पहला वार आदमी करता है।" मग चाकू परत देत म्हणाला, "आगे डिक्की में रखिए।" मी डिकीत ठेवला. खरं तर ते आधीच करायला हवं होतं. तुम्ही तरी करा.

खलघाटला नर्मदा दुथडी भरलेली होती. पुलावर थांबायला मनाई आहे, पण अलीकडे उतरून बघता येतं. धामणोदच्या पुढे रस्त्याकडेला बालम काकड्यांचे ढीग लागले होते. या मांडवगडच्या भागातल्या काकड्या हाताएवढ्या लांब असतात. विकणारी बाई विळ्याने कापून, मीठ-मिरची लावून देते. मी डिकीतून माझा काढला. तिने एक काकडी त्याने कापून बघितली, दाते बोटाने चाचपले आणि म्हणाली, "काटे तो बढ़िया, पर धार कौन लगाएगा इसको?"

बरोब्बर दुखऱ्या जागी बोट. दात्यांना धार लावून देणारा मला पुण्यात अजून सापडलेला नाही. सायकलवाला धारवाला बघूनच हात जोडतो. बोथट झाला की संपला. मी तिला म्हटलं, संपेल तेव्हा संपेल. ती हसली आणि दोन काकड्या जास्त टाकल्या.

इंदूरला बायपास घ्या, गावात शिरू नका, अगदी पोह्यांचा मोह झाला तरी. पोहे देवासलाही मिळतात. आष्टा, सीहोर करत संध्याकाळी अयोध्या नगरला पोचलो.

आई दारातच उभी होती. उजवा हात पोटाशी धरायची तिला आता सवय लागलीय. आत गेल्यावर मी चाकू टेबलावर ठेवला. दादाने तो पाहिला आणि हातातला रिमोट खाली ठेवला.

"मीने, तू हे आईसाठी आणलंस? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"याला जोर लागत नाही."

"लागत नाही म्हणे! सटकला तर? तू दोन दिवसांनी पुण्याला जाशील. हॉस्पिटलच्या लाइनीत कोण उभं राहणार? मीच ना?"

हे त्याचं खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला जास्त राग आला. शुभा वहिनी मूळची उज्जैनची, आवाज न चढवता बोलते. ती म्हणाली, "मीना, मी काही आईंच्या विरोधात नाहीये गं. मागच्या साली सहाच जणी बसल्या होत्या. बाकीच्या कोलार रोडला राहायला नाहीतर पोरांकडे गेल्या. शेवटी फरशी पुसेपर्यंत मी एकटीच असते. कॅटररला फोन केला की सुटले."

आईने दोघांकडे पाहिलं नाही. तिने चाकू उचलला आणि उघडायला बघितला. उजव्या अंगठ्यात ताकद नाही, तो निम्म्यावरून परत मिटला. डाव्याने तर हललाच नाही. सगळ्यांसमोर तिने तीनदा बघितलं. मग ठेवून दिला आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली. पुण्याहून इतका लांब आणलेला चाकू तिला उघडता येत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला तिथल्या तिथे रडू येत होतं.

तेवढ्यात देवस्थळी काका आले. काका वडिलांबरोबर मशीन शॉपमध्ये होते, आता मागच्याच गल्लीत राहतात. टाउनशिपमध्ये एके काळी घरोघरी हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, टाकाऊ ब्लेडची सुरी असायची, ग्राइंडरवर घासून, मुठीला चिंधी गुंडाळून केलेली. त्यातल्या निम्म्या काकांनी केलेल्या. त्यांनी चाकू कानाशी धरून उघडमीट केली.

"जोड टाइट आहे, बस. बाकी माल बढिया आहे. एक रात्र दे मला. सकाळी वैनी एका बोटाने उघडतील." काका आईला वैनी म्हणतात. मी चाकू देऊन टाकला, इतकी मी खूश झाले.

सकाळी आम्ही करोंदच्या मंडीत गेलो. लवकर जा, नाहीतर आत गाडी घालायची सोय नाही. हमाल, हातगाड्या, कांद्याच्या गोण्या, आणि चिखल. किरकोळ बाजारापेक्षा निम्म्या भावात चार मोठी डांगरं मिळाली. आईने प्रत्येकावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि आठ नापास केली. विकणारा वैतागून म्हणाला, "अम्मा, शादी करानी है क्या इससे?" आईने त्याच्याकडून नववं घेतलं, आणि मग आणखी तीन.

मंडळाच्या हॉलमध्ये खरंच सातच जणी होत्या. शुभा वहिनी फोन हातात घेऊन दारात. काकांनी चाकू आणून दिला. आईने अंगठा लावला आणि पातं खट् करून उघडलं. सतरंजीवरून कुणीतरी "वा!" म्हणालं. आईचा चेहरा मी लपूनछपून नाही, सरळ बघत होते.

तिच्यासाठी टेबल मांडलं होतं. खाली ओलं पोतं, वर डांगर. तिने पातं टेकवलं, तेवढ्यात काका घाईने म्हणाले, "वैनी, थांबा, थांबा! अख्खं डांगर बाईनं फोडू नये. पहिला काप मी मारून देतो." पूर्वी तो मान वडिलांचा होता. त्यांच्यानंतर काकांचा.

"फोडलं तर काय होतं?" आईने विचारलं.

"म्हणजे... मुलावर येतं म्हणतात."

दादा कोपऱ्यात खुर्च्या लावत होता. आईने त्याला हाक मारली. "ये रे इकडे. असा समोर उभा राहा. मी आता हे कापणार आहे. तुला काही झालं तर लगेच सांग."

दादा साठीचा आहे, टक्कल पडलंय. तो येऊन उभा राहिला. आईने ओढायला सुरुवात केली. दाब नाही, घाई नाही, मागे-पुढे, मागे-पुढे. सालाचा करकर आवाज येत होता. मध्ये पातं रुतलं. काकांनी बत्ता उचलला, वरून ठोकायला. मी त्यांचा हात धरला, कारण घडीच्या चाकूवर ठोकलं की सांधा जातो. आईने डांगर फिरवून दुसऱ्या बाजूने धरलं. थोड्या वेळाने त्याचे दोन भाग झाले.

"झालं का काही?" आईने विचारलं.

"मला काही झालं नाही," दादा म्हणाला. "तुझं मनगट दाखव."

तिने दाखवलं. त्याने ते दोन्ही हातांत घेऊन दाबून, फिरवून बघितलं आणि सोडलं. मग खुर्च्या लावायला गेला.

इथेच ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण शुभा वहिनीने एक फोड उचलली, हुंगली, आणि म्हणाली, "आई, याला गॅरेजचा वास येतोय."

सगळ्यांनी हुंगली. येत होता. काकांनी रात्री सांध्यात मशीनचं तेल सोडलं होतं, कारखान्यात सोडतात तसं, सढळ हाताने. आयुष्यभर त्यांनी जे जे घट्ट होतं त्यात तेच सोडलं. पातं पुसून लखलखीत केलं होतं, पण सांध्यातून तेल ओघळून दात्यादात्यांत बसलं होतं. गणपतीच्या नैवेद्याचं डांगर! काका खुर्चीत बसले. वहिनीने फोन वर केला. "मी लावते कॅटररला. अजून वेळ आहे."

"ठेव तो," आई म्हणाली. एवढ्या मोठ्याने ती दादाच्या शाळेतल्या निकालानंतर बोलली नसेल. "एक डांगर गेलं. तीन आहेत. देवस्थळी, उठा. तुम्हीच बिघडवलंय, तुम्हीच नीट करा. मीने, पाणी उकळायला ठेव. आणि शुभा, तू फोन ठेवून बस इथे, आठवी."

वहिनी बसली. खरं सांगते, मला वाटलं नव्हतं बसेल. काकांनी खिशातल्या बारीक पेचकसाने चाकूचे सगळे भाग सुटे केले. मी ते साबणाने, मग उकळत्या पाण्यात, मग टूथब्रशने दात्यादात्यांतून घासले. साधी सुरी असती तर एकदा पुसून काम झालं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. जोडल्यावर चाकू परत जरा घट्ट झाला. त्याला खोबरेल लावलं. आईला दोन अंगठे लावावे लागले, पण उघडला.

उरलेली तीन डांगरं तिने फोडली. पहिला काप कुणी मारायचा हे परत कुणी विचारलं नाही. मोठे तुकडे ती करायची, बारीक फोडी बाकीच्या, कारण बारीक चिरायला हा चाकू खरोखर वाईट आहे. कडा फाटक्या येतात. आरती उशिरा झाली, तशी ती दर वर्षीच होते. मेथीदाण्याची फोडणी, गूळ, आमसूल, वर खोबरं. पुऱ्यांबरोबर भाजी संपली आणि मसालेभात उरला. हात धुताना शुभा वहिनी मला म्हणाली, "पुढच्या साली बघू." तिच्याकडून इतकंच पुष्कळ आहे. फरशी आम्ही तिघांनी मिळून पुसली, त्यात दादाही होता.

येताना पहिला मुक्काम इंदूर आणि दुसऱ्या दिवशी पुणे. चाकू आणला नाही. डिकीत नाही, दाराच्या खणात नाही, आणि परतीच्या वाटेवर ब्रेड हातानेच तोडून खाल्ला. नवा घ्यावा का, असं सुधीरनेच विचारलं.

मग आठवड्याने दादाचा फोन. "सांगितलं होतं ना मी? कापलं तिने, चाकू मिटवताना. उजवा अंगठा. दोन टाके पडले. आता तू ये आणि तुझा चाकू घेऊन जा."

मी त्याच्याशी भांडले नाही. तो हॉस्पिटलच्या रांगेत उभा होता, मी नव्हते. मोठे दाते जेव्हा लागतात तेव्हा साध्या सुरीपेक्षा वाईट लागतात, जखम सरळ नसते. ज्यांना असा चाकू घ्यायचाय त्यांनी हेही वाचून ठेवा. मी म्हटलं, फोन आईला दे.

"काय गं?" आई म्हणाली.

"आई, तो चाकू परत पाठव. मी चुकले."

"काही चुकली नाहीस. आठ महिने माझ्या हाताला काही होऊ नये म्हणून त्याला काही करूच दिलं नाही यांनी. अंगठा माझा आहे. कापलं तर कापलं."

"दुखतंय का?"

"दुखतंय ना. न दुखायला काय झालं? ठेव आता. अर्धं डांगर राहिलंय, डाव्या हाताने वेळ लागतो."